हेमिंग्वेच्या तीन घटस्फोटांचा त्याच्या पैशांवर आणि पुस्तकांच्या हक्कांवर काय परिणाम झाला?

चार लग्नं, तीन घटस्फोट म्हटलं की माणूस पोटगी भरता भरता खंक झाला असेल असंच वाटतं. हेमिंग्वेच्या बाबतीत पोटगी हा दुय्यम भाग आहे. खरा पैसा पुस्तकांत होता. तो कोणाकडे जाणार हे थोडंफार घटस्फोटांनी ठरलं आणि बरंचसं अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याने.

पहिली बायको हॅडली. 'द सन ऑल्सो रायझेस' ऑक्टोबर 1926 मध्ये आली तेव्हा दोघं वेगळे राहत होते. नोव्हेंबरमध्ये त्याने पत्र लिहून या कादंबरीची सगळी रॉयल्टी तिला देऊ केली, चित्रपटाच्या हक्कांसह. जानेवारी 1927 मध्ये पॅरिसमध्ये घटस्फोट मंजूर झाला.

हिशेब असा. पुस्तकाची किंमत 2 डॉलर, रॉयल्टी 15 टक्के, म्हणजे प्रतीमागे 30 सेंट. पण 1,500 डॉलर त्याने आधीच आगाऊ घेतले होते. तेवढे वळते व्हायला 5,000 प्रती खपायला हव्यात, आणि पहिली छपाई होती 5,090 प्रतींची. कागदावर पाहिलं तर पहिली छपाई जवळजवळ पूर्ण आगाऊ रकमेत जिरते. म्हणून 'पुस्तकाची रॉयल्टी देतो' एवढंच लिहून भागत नाही. आगाऊ रक्कम कोणाच्या खात्यात धरायची, अनुवाद आणि चित्रपट त्यात येतात का, हेही लिहावं लागतं.

शिवाय रॉयल्टी मिळणं म्हणजे कॉपीराइट मिळणं नव्हे. रॉयल्टी घेणाऱ्याला फक्त पैसे मिळतात. पुस्तक कोणाला द्यायचं, कोणत्या अटींवर, हे कॉपीराइट ज्याच्याकडे असतो तो ठरवतो.

दुसरी बायको पॉलिन. की वेस्टचं घर 1931 मध्ये तिच्या काकांनी 8,000 डॉलर मोजून घेऊन दिलं होतं. घटस्फोट झाला 4 नोव्हेंबर 1940 ला. घरात राहिली ती, पण मालकीत त्याचाही वाटा उरला. 1951 मध्ये ती वारली आणि 1961 मध्ये तो गेल्यावरच घर विकलं गेलं. एकत्र मालकीच्या वास्तूचा घटस्फोटातच निकाल लावला नाही की ती अशी वीस वर्षं लोंबकळते.

दरमहा द्यायच्या रकमेची आणखी एक गोम होती. 1942 च्या कायद्याआधी अमेरिकेत पोटगी देणाऱ्याला तिच्यावर करात वजावट मिळत नसे, म्हणजे आधी पूर्ण उत्पन्नावर कर आणि मग उरलेल्यातून पोटगी. 1942 पासून वजावट सुरू झाली आणि कराचा बोजा पोटगी घेणाऱ्यावर गेला. 2018 नंतरच्या घटस्फोटांसाठी ही सोय पुन्हा बंद झाली आहे.

'फॉर हूम द बेल टोल्स' ही कादंबरी पॉलिनशी घटस्फोट होण्याच्या दोनच आठवडे आधी बाजारात आली होती. अर्पण केली होती मार्था गेलहॉर्नला, जी त्याच महिन्यात तिसरी बायको झाली. अर्पणपत्रिकेने मात्र एका सेंटचाही हक्क मिळत नाही. पॉलिनच्या काकांनाही एक कादंबरी अर्पण केलेली आहे, पण ती 1929 ची, म्हणजे घर घेऊन देण्याच्या आधीची. मार्थाशी घटस्फोट डिसेंबर 1945 मध्ये क्यूबात झाला. मूल नव्हतं आणि ती स्वतः कमावती पत्रकार होती, त्यामुळे इथे सांगण्यासारखं थोडं.

खरी मेख नूतनीकरणात आहे. 1909 च्या कायद्यात कॉपीराइट 28 वर्षांचा होता आणि पुढे आणखी 28 वर्षांसाठी नूतनीकरण करता येई. लेखक हयात असेल तर तो हक्क त्याचा, नसेल तर विधवा आणि मुलांचा. घटस्फोटित बायको विधवा ठरत नाही. 1943 च्या एका निकालानुसार लेखक हा पुढचा हक्क आधीच कोणाला लिहून देऊ शकतो, पण 1960 च्या निकालानुसार नूतनीकरणाआधी तो वारला तर ते लिहून देणं फोल ठरतं. माजी बायकोला 'पुढची 28 वर्षंही तुझी' असं सांगणारा करार म्हणूनच भरवशाचा नव्हता.

1926 च्या कादंबरीची मुदत 1954 मध्ये आली, तेव्हा हेमिंग्वे हयात होता. 1940 च्या कादंबरीची आली 1968 मध्ये, 'द ओल्ड मॅन अँड द सी'ची 1980 मध्ये, आणि तो तर जुलै 1961 मध्येच गेला होता. त्याच्या 1955 च्या मृत्युपत्रात सगळं चौथी बायको मेरीच्या नावे होतं, मुलांना जाणूनबुजून वगळल्याचंही त्यात लिहिलं होतं. हा उल्लेख महत्त्वाचा, कारण नुसतं नाव गाळलं तर 'विसरला असेल' म्हणून मूल वाटा मागू शकतं. पण नूतनीकरणाचा हक्क मृत्युपत्राला जुमानत नाही. तो कायद्याने मेरी आणि हॅडली-पॉलिनपासून झालेले तिन्ही मुलगे यांचा झाला. म्हणजे हॅडली आणि पॉलिन यांना जे स्वतः माजी बायको म्हणून मिळालं नसतं, ते त्यांच्या मुलांना मिळालं.

हॅडलीला दिलेली कादंबरी 95 वर्षं पूर्ण होऊन 1 जानेवारी 2022 ला अमेरिकेत हक्कमुक्त झाली. 1940 ची 2035 अखेरपर्यंत बांधलेली आहे.