कॉलेजच्या लायब्ररीत 'ह्युमन लायब्ररी'साठी स्वतःची गोष्ट सांगायला बोलावलंय, पण ओळखीचे भारतीय येतील अशी भीती वाटते. जाऊ का?

जा. बिनधास्त जा.

तुम्ही लिहिलंय की घटस्फोटानंतर कम्युनिटी कॉलेजात परत शिकायला लागलात, त्यावर 'पुस्तक' म्हणून (म्हणजे समोर बसलेल्यांना आपली गोष्ट सांगून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देत) बोलायला लायब्ररीवाल्यांनी विचारलंय, इंग्लिश कच्चं आहे, आणि आपल्यातलं कोणी ऐकायला आलं तर चार घरांत चर्चा होईल. इंग्लिशचं टेन्शन सोडा, तिथे निम्म्या लोकांचं इंग्लिश दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या नंबरची भाषा असते. पण ते चार घरांचं वाचलं आणि मला राहवलं नाही.

मी नागपूरची, इंदोऱ्याची. लग्न करून बे एरियात आले तेव्हा एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर बायकोला मिळतो तो, नोकरी करता येत नव्हती पण शिकता येत होतं, म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अर्ली चाइल्डहूडचे (लहान मुलांच्या शिक्षणाचे) क्लासेस घेतले. कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजं आहेत, रेसिडेंट असाल तर ४६ डॉलर युनिट, एन्ट्रन्स नाही, वयाची अट नाही. माझ्या वर्गात एका बाजूला हायस्कूलमधून नुकताच सुटलेला पोरगा आणि दुसऱ्या बाजूला नातवंडं असलेली बाई. म्हणूनच माझं मत आहे की ह्युमन लायब्ररी खरी शोभते ती अशा कॉलेजात. मुळात ही डेन्मार्कची कल्पना, २००० साली तिथल्या रोस्किल्ड या म्युझिक फेस्टिवलमध्ये रॉनी अबरगेल आणि त्याच्या साथीदारांनी सुरू केली, माणूस हेच पुस्तक, अर्धा तास उसना घ्यायचा आणि जे विचारायची एरवी हिंमत होत नाही ते विचारायचं. आता आपल्याकडे हैदराबाद-मुंबईतही होतं.

आमच्या लायब्ररीत त्या दिवशी एक इराणी बाई होती, एक युद्धावरून आलेला सैनिक होता, जेलमधून सुटून शिकायला आलेला एक जण होता. आणि मी. टायटल द्यायचं होतं तर मी लिहिलं, 'ज्यांना शिवायचं नाही त्यांच्या घरातली मुलगी'. नवरा म्हणाला, अगं ऑफिसमधले लोक असतात, कशाला. आईला फोन केला तर ती म्हणाली, "सांग नं बाप्पा, आपन काय कोनाची चोरी केली काय?" झालं, ठरलं.

गोल टेबल, पाच खुर्च्या. मी आजीपासून सुरू केलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला ती दीक्षाभूमीवर होती, पांढरं नेसून यायचं होतं आणि पांढरी साडी काही मिळेना, तर आजोबांचं मिलमधल्या पगारावर घेतलेलं धोतर सोड्यात उकळून, धुऊन तेच नेसली आणि मोठ्या आत्याला कडेवर घेऊन चालत गेली. बाबासाहेबांनी दीक्षा दिली ते तिला लांबून दिसलं पण नाही, लाऊडस्पीकरवर ऐकलं. हे घरात आम्ही इतक्यांदा ऐकलंय की पाठ आहे, पण त्या टेबलावर पहिल्यांदा मला सांगावं लागलं की धोतर म्हणजे काय, मिल म्हणजे कुठली, आणि आजीला ते का करावंसं वाटलं. त्या 'का'वर मी बराच वेळ बोलले.

मग एका मेक्सिकन बाईने, जिची आई इथल्याच सलिनासच्या शेतात राबलेली, एकच विचारलं. तुमचा सगळ्यांचा रंग एक, भाषा एक, मग त्यांना कळतं कसं की तू कोण? असला प्रश्न मला भारतात कोणी विचारला नव्हता, कारण तिथे सगळ्यांना कसं कळतं ते माहीतच असतं. मी तिला गणपतीतला प्रसंग सांगितला. आमच्या भागातल्या एका मंडळात नवीन असताना एक काकू भेटल्या, आडनाव विचारलं, ते गावावरून पडलेलं, त्यावरून काही पत्ता लागेना. मग नागपुरात कुठे? धरमपेठ? महाल? नाही, इंदोरा (तिकडे बहुतेक आमचीच, बौद्धांची वस्ती). "अच्छा, अच्छा." एवढंच, हातातली पुरणपोळीची प्लेट माझ्या हातात देऊन पुढे गेल्या. अगदी गोड बोलल्या. त्यानंतर हळदीकुंकवाचे मेसेज मात्र यायचे बंद झाले. मेक्सिकन बाई म्हणाली, आमच्याकडे तुझ्या आईबापाचं गाव कुठलं असं विचारतात.

आता तुमच्या भीतीचं. त्या टेबलावर पाचवी जी मुलगी होती ती माझ्या मैत्रिणीची निघाली, इथे हायस्कूलची मुलंही कम्युनिटी कॉलेजात क्लास घेतात ना, तशी आलेली. मला माहीतच नव्हतं. ती घरी गेली आणि आईला विचारलं, आपण कोण, आणि त्या मावशीला आपल्याकडे का नाही बोलवत. रात्री मैत्रिणीचा फोन. तू माझ्या मुलीच्या डोक्यात काय भरलंस? हे सगळं तिकडे सोडून आलोय आपण, इथे सगळे इंडियन, गोऱ्यांसमोर आपलीच धुणी कशाला धुवायची, उद्या मुलांना शाळेत ऐकून घ्यावं लागेल.

तेव्हा मी गप्प बसून ऐकलं, आता इथे उत्तर देते. सोडून आलात तर मग सिएटलला २०२३ मध्ये जातीवरून भेदभावाच्या बंदीचा कायदा का करावा लागला? कॅल स्टेट युनिव्हर्सिटीने २०२२ मध्ये भेदभावाविरुद्धच्या नियमात जात का घातली? कॅलिफोर्नियात एसबी ४०३, म्हणजे जातीवरून भेदभावाच्या बंदीचं बिल, आलं तेव्हा त्याच्या विरोधात सह्या गोळा करायला आपल्याच लोकांनी ग्रुपवर लिंका फिरवल्या, गव्हर्नर न्यूसमने ऑक्टोबर २०२३ मध्ये व्हेटो केला तर त्याच ग्रुपवर पेढ्यांचे फोटो. जात नाहीच तर पेढे कशाचे? आणि गोऱ्यांसमोर म्हणाल तर बाबासाहेब १९१३ ला न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेले आणि जातींवरचा पेपर तिथेच, परदेशी लोकांसमोर वाचला, १९१६ ला. कोणाची इज्जत गेली? माझी गोष्ट माझी आहे, ती कुठे सांगायची हे ज्यांनी मला हळदीकुंकवाला बोलवणं बंद केलं त्यांनी ठरवायचं नाही. तुमच्या घटस्फोटाचंही तेच. ज्यांना चर्चा करायची ते तुम्ही घरात बसलात तरी करतायत.

मैत्रीण अजून बोलत नाही. तिची मुलगी बोलते, परवा कॉलेजच्या पार्किंगमध्ये भेटली तर आजीच्या धोतराचं पुढे काय झालं विचारत होती. (आत्याकडे आहे.)

तयारीचं विचारलंय तर, वीस मिनिटं बोलायला जाऊ नका, सात-आठ मिनिटं बोला, बाकी प्रश्नांना द्या, खरी मजा तिथेच येते. नवऱ्याचं नाव, मुलांचं नाव, वकिलाचं, कोर्टाचं काही सांगायचं नाही, ती त्यांचीही गोष्ट आहे. उत्तर द्यायचं नसेल तर "नेक्स्ट" म्हणा, तो तुमचा हक्क आहे. पुस्तक जसं नेलं तसंच परत करायचं हा जुना नियम लायब्ररीयनला सुरुवातीलाच मोठ्याने सांगायला लावा.

एक गोष्ट मात्र, तुमची केस अजून कोर्टात असेल किंवा व्हिसा अजून आधीच्या नवऱ्यावर अवलंबून असेल तर थांबा, आधी वकिलाला विचारा, पुढच्या सेमिस्टरला परत बोलावतात. मारहाणीचा प्रकार असेल आणि त्याला तुमचा पत्ता माहीत नसेल तर अजिबात नको, हे मी वर 'बिनधास्त' लिहिलं तरीही. आणि फोटोचा फॉर्म देतील, त्यात 'नो'वर टिक करा, नाहीतर कॉलेजच्या इन्स्टाग्रामवर तुमचा चेहरा जातो.