रिलेला डायोड लावलास का?

पाण्याचा पंप चालू-बंद करणाऱ्या रिलेचा (विजेनं चालणाऱ्या स्विचचा) ट्रान्झिस्टर सारखा जळतोय म्हणून नवा आणण्याआधी रिलेच्या कॉइलकडे बघ. १२ व्होल्टची छोटी रिले साधारण ३० मिलिअँपिअर घेते, तेवढं तिला चालवणारा बीसी५४७ ट्रान्झिस्टर आरामात पेलतो. तो मरतो रिले बंद होताना. प्रवाह तुटला की कॉइलभोवतीचं चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि कॉइल तोच प्रवाह चालू ठेवायला धडपडते. त्या क्षणी शंभराहून जास्त व्होल्ट उसळू शकतात. बीसी५४७ची मर्यादा फक्त ४५! म्हणून कॉइलला समांतर १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लाव, पट्टीचं टोक धन बाजूला, म्हणजे तो प्रवाह डायोडमधून फिरून विरेल. उलटा लागला तर रिले चालू करताच शॉर्ट, म्हणून सोल्डरिंगआधी दोनदा तपास. डायोडमुळे रिले सुटायला किंचित उशीर होतो, पण पाण्याच्या पंपाला त्यानं काही फरक पडत नाही.