बाळासह परदेशी जाताना कागदपत्रं कुठे अडतात

नवरा नोकरीसाठी पुढे गेलाय, बाळ दोन महिन्यांचं आहे, चार महिन्यांनी तुम्ही आणि बाळ दोघंच निघणार, आणि पासपोर्टला किती दिवस लागतील असं तुम्ही विचारलंय. पासपोर्ट वेळेत मिळेल हो. अडतं ते त्याच्या आधी, जन्मदाखल्यावर. दाखल्यातली चूक पासपोर्टात उतरते, तिथून व्हिसात आणि तिकिटात. म्हणून आज पहिलं काम म्हणजे दाखला समोर घेऊन एकेक अक्षर वाचायचं.

१ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून पासपोर्टसाठी फक्त जन्मदाखलाच चालतो. बाळाचं आधार किंवा हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड यांचा इथे उपयोग नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत झाली असेल तर प्रश्न नाही. राहिली असेल तर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून होते, पुढे वर्षभर वरिष्ठ निबंधकांची परवानगी लागते आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नोंद झाली पण बारसं व्हायचं होतं म्हणून नावाची जागा कोरी ठेवली, असंही बरेचदा होतं. कोऱ्या नावाच्या दाखल्यावर पुढे काहीच सरकत नाही. जन्मनोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं, ते आधी घाला. नुसतं पाळण्यातलं नाव नको, आडनावासकट पूर्ण नाव घाला, आणि इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवून सगळीकडे तेच वापरा. 'आ'साठी एक ए की दोन, यावरून अर्ज परत येतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त घोळ होतो तो आईच्या नावाचा. पासपोर्ट माहेरच्या नावाने, हॉस्पिटलात नाव सासरचं, आणि दाखल्यावर हॉस्पिटलने कळवलेलं नाव. अशा वेळी तुमचा पासपोर्ट बदलायला जाऊ नका. तो बदलला तर तुमचे स्वतःचे व्हिसाचे कागद पुन्हा करावे लागतील. दाखला तुमच्या पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या. ही दुरुस्ती ग्रामपंचायत किंवा पालिकेच्या निबंधकाकडे होते. शिवाय विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ असू द्या, दोन नावांची एकच बाई आहे हे तेच सिद्ध करतं.

अर्ज भरताना आडनावाचा रकाना मोकळा सोडू नका. काही जण सगळं नाव 'गिव्हन नेम'मध्येच कोंबतात. पासपोर्ट मिळतो, पण अमेरिकेच्या व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) अशी तीन अक्षरं छापून येतात, आणि संयुक्त अरब अमिरातीने २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीचे व्हिसे नाकारायला सुरुवात केली.

पासपोर्ट सेवा केंद्रावर बाळाला सोबत न्यावंच लागतं. चार वर्षांखालच्या मुलांचा फोटो तिथे काढत नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ४.५ बाय ३.५ सेंटिमीटरचा फोटो आपण न्यायचा. पांढऱ्या चादरीवर बाळाला झोपवून खिडकीच्या उजेडात वरून काढा. डोळे उघडे हवेत, आणि धरणाऱ्याचा हात किंवा चोखणी फोटोत नको. सहीऐवजी अंगठा चालतो. अल्पवयीन मुलाच्या अर्जाला आईवडिलांचं घोषणापत्र, म्हणजे 'ॲनेक्शर डी', लागतं. नवरा परदेशात असल्याने ते तुम्ही भरायचं आणि त्याने तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात साक्षांकित केलेलं प्रतिज्ञापत्र मूळ प्रतीत पाठवायचं. स्कॅनवर भागेल असं गृहीत धरू नका. दूतावासाची वेळ आणि कुरियर यातच तुमचे दिवस जाणार आहेत, म्हणून त्याला आजच कामाला लावा. हे प्रतिज्ञापत्र मिळणारच नसेल तर 'ॲनेक्शर सी' असतं, एका पालकाची संमती नसतानाचं. नवरा-बायको एकमताने जात असताना ते वापरण्यात अर्थ नाही, उगाच प्रश्न वाढतात. तुमचा सध्याचा पत्ता पासपोर्टवरच्या पत्त्याहून वेगळा असेल तर पत्त्याचा नवा पुरावा न्या.

पासपोर्ट हातात आला की व्हिसाचा अर्ज भरायच्या आधी नाव, जन्मतारीख, लिंग आणि जन्मस्थान तपासा. चूक दुरुस्त करायची तर नवी पुस्तिका मिळते आणि क्रमांकही नवा. आता बऱ्याच देशांचे व्हिसे कागदावर नसून पासपोर्ट क्रमांकाला जोडलेले असतात. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाचं तसंच आहे. क्रमांक बदलल्याचं तिकडे कळवलं नसेल, तर चेक-इनच्या काउंटरवर यंत्रात व्हिसा दिसत नाही आणि तिथली माणसं तुम्हाला चढू देत नाहीत. त्यांचाही इलाज नसतो. चुकीचा प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो.

जन्मदाखला परदेशात दाखल करायचा तर साक्षांकन कोणतं लागेल हे देशावर ठरतं. भारत २००५ पासून अपॉस्टिल करारात आहे (अपॉस्टिल म्हणजे करारातले देश एकमेकांच्या कागदांवर मान्य करतात तो सरकारी शिक्का), म्हणून बहुतेक ठिकाणी परराष्ट्र मंत्रालयाचं अपॉस्टिल पुरतं. अमिराती, कतार आणि कुवेत या करारात नाहीत. तिथे त्या त्या दूतावासाचा शिक्काही लागतो. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला तिने हरकत घेतल्यामुळे आपलं अपॉस्टिल तिथे धरत नाहीत. एजंट विचार न करता सगळ्यांना अपॉस्टिल करून देतात, तेवढं सांभाळा.

तिकीट सगळ्यात शेवटी काढा, आणि बाळाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच घाला. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर बसवून नेता येतं, पण त्याचं तिकीट लागतंच. साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या १० टक्के आणि वर कर. बाळ नंतर फोनवरून जोडलं असेल तर त्याचा स्वतंत्र ई-तिकीट क्रमांक मागून घ्या. बुकिंगमध्ये नाव दिसतं पण तिकीटच निघालेलं नाही, ही चूक काउंटरवर पोचल्यावर कळते. वाटेत विमान बदलणार असाल तर ट्रान्झिट व्हिसाचा नियम तुमच्यासाठी आणि बाळासाठी वेगवेगळा तपासा.

एकट्याने नेताय म्हणून नवऱ्याचं संमतीपत्र जवळ ठेवा: बाळाचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, प्रवासाच्या तारखा, तिकडचा पत्ता, त्याचा फोन, सही आणि त्याच्या पासपोर्टची प्रत. नोटरी केलेलं असेल तर उत्तम. दाखवायची वेळ बहुधा येणार नाही, पण तुमचं आणि बाळाचं आडनाव वेगळं असेल तर उतरल्यावर विचारणा होऊ शकते. हे पत्र आणि मूळ जन्मदाखला हातातल्या पिशवीत ठेवा, सामानात टाकलेल्या बॅगेत नाही.

बाळाचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. अमेरिकेत जाणार असाल तर प्रवेशानंतर बाळाची आय-९४ नोंद, म्हणजे तिथे कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारी सरकारी नोंद, उघडून शेवटची तारीख बघा, कारण पासपोर्ट आधी संपत असेल तर मुदतही तिथेच तोडतात, व्हिसावर पुढची तारीख असली तरी.