डेंग्यू घरात, आकडा कुठे?

प्रश्न: आमच्या सिडकोत घरटी कोणीतरी तापाने पडलंय. मुलाचा खाजगी लॅबचा रिपोर्ट डेंग्यू पॉझिटिव्ह आला, पण सरकारी यादीत आमच्या भागाचं नावच नाही. पुण्याला एवढी मोठी एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था), दिल्लीला एनसीडीसी (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र), मग या संस्था करतात तरी काय?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: ताई, तुमच्या मुलाची टेस्ट बहुतेक कार्डवाली झाली असणार, पंधरा-वीस मिनिटांत रेघा दिसतात ती. ती सरकारी हिशोबात फक्त 'संभाव्य'. पक्की धरतात ती लॅबमधली एलायझा रक्ततपासणी, म्हणजे ताप आल्यापासून पहिल्या पाच दिवसांत एनएस१ (विषाणूचंच प्रथिन शोधणारी) आणि त्यानंतर आयजीएम (शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं शोधणारी). आणि ठरवलेल्या सरकारी हॉस्पिटलांत जे आयजीएमचं किट वापरतात ना, ते पुण्याची एनआयव्हीच बनवून पाठवते. म्हणजे संस्था काम करतेय, पण तुमच्या मुलाचं रक्त तिच्या किटपर्यंत पोचलंच नाही!

माझ्या मते खरी गोची इथेच आहे, दिल्लीत नाही. २००४ पासून आयडीएसपी म्हणून रोगांवर नजर ठेवायचा कार्यक्रम आहे. त्यात एस फॉर्म आरोग्यसेविकेने भरायचा, पी फॉर्म डॉक्टरने, एल फॉर्म लॅबने. आधी हे कागद आठवड्याला जायचे, २०२१ पासून आयएचआयपी पोर्टलवर लगेच टाकायचे असतात. आता ज्या डॉक्टरची ओपीडी रात्री दहाला संपते तो पोर्टल कधी उघडणार? त्याला माणूस नको का द्यायला? इकडे डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचं अंड्यापासून उडण्यापर्यंतचं सगळं आठ-दहा दिवसांत उरकतं, तेवढ्यात आपली नोंद अजून टेबलावरच असते, आणि फवारणीची गाडी येते तेव्हा पुढची पिढी चावायला तयार.

जिथे खालून वेळेत कळतं तिथे वरची संस्था कशी उपयोगी पडते ते जानेवारी २०२५ ला पुण्यात दिसलं. सिंहगड रोड भागात हातापायातली ताकद जाणारे पेशंट एकदम वाढले, हॉस्पिटलांनी कळवलं, नमुने एनआयव्हीत गेले, काहींच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला आणि संशय थेट पाण्यावर गेला. जीबीएस (गिलियन-बारे सिंड्रोम) म्हणतात तो हाताभर ताकद जाण्याचा आजार हाच.

पैसा नाही असंही नाही. २०२१ च्या आयुष्मान भारत आरोग्य पायाभूत योजनेत ६४,१८० कोटी ठेवलेत, जिल्हा पातळीवरच्या लॅब, एनसीडीसीच्या प्रादेशिक शाखा, सगळं त्यात आहे. पण आपल्याकडे बिल्डिंग होते, मशीन येतं, फीत कापतात, आणि ते चालवणारा टेक्निशियन मात्र कंत्राटी, तो बरी नोकरी मिळाली की गेलाच. साथरोगांचा कायदा अजून १८९७ चा, प्लेगच्या वेळचा, मूळ चार कलमांचा! २०२० ला त्यात डॉक्टरांवरच्या हल्ल्याची शिक्षा घातली हे चांगलंच झालं, पण कोणती माहिती कुणी कुणाला किती तासांत द्यायची हे त्यात धड नाहीच. मला विचाराल तर आधी हे लिहा, नवीन इमारतीचं नंतर बघू.

तुम्ही एवढं करा, मुलाला सरकारी हॉस्पिटलात नेऊन एलायझाला रक्त द्या, पाच दिवस झाले नसतील तर एनएस१ साठी, झाले असतील तर आयजीएमसाठी. कार्डचा रिपोर्ट घेऊन वॉर्डातल्या मलेरिया विभागाला पण कळवा.

प्रश्न: २०२७ च्या कुंभासाठी नाशिकला स्वतःची मोठी व्हायरस लॅब नको का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर: असली तर उत्तमच, राज्याचं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच म्हसरूळला आहे, नमुने पुण्याला पाठवायचे म्हणजे चाकणचं ट्रॅफिक आलंच. पण एवढी गर्दी जमली की मला पहिली भीती जुलाब-कावीळची वाटते. त्याला ओटी टेस्ट पुरते: नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं. लॉज, भंडारे, टँकर सगळीकडे हे रोज झालं पाहिजे आणि त्याची वही कोणालाही बघता आली पाहिजे. तुमच्या सोसायटीच्या टाकीपासूनच सुरू करा.