फादर आणि वास्तुइतिहासकार, दोन्ही एकाच माणसाला जमतं का?

तुम्ही विचारलंय: "मी वसईचा, सध्या सेमिनरीत आहे. किल्ल्यातली पडकी चर्चेस बघत मोठा झालो. फादर होऊन वास्तुकलेचा इतिहासकार होता येईल का? की दोन्हींपैकी एकाशी बेइमानी होईल?"

ब्रदर, होता येतं. इंग्लंडात जुन्या इमारतींचा इतिहास शिस्तीने लिहायला सुरुवात केली त्यांत पहिलं नाव रेव्हरंड रॉबर्ट विलिस (१८००-१८७५) यांचं घेतात, आणि ते अँग्लिकन धर्मगुरू होते. मी वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना इतिहास शिकवतो आणि दर वर्षी विलिसपाशी जरा जास्तच रेंगाळतो, म्हणून उत्तर त्यांच्याच आधाराने देतो.

आधी एक भ्रम दूर करतो. विलिसना देवाने हाक मारली आणि मग ते चर्चच्या दगडांकडे वळले, असं काही नाही. त्या काळी केंब्रिजच्या कॉलेजात फेलो (कॉलेजचा मानधन मिळणारा सदस्य) म्हणून टिकायचं तर बहुतेकांना धर्मदीक्षा घ्यावी लागे. विलिसनी १८२७ मध्ये घेतली. लग्न केलं की फेलोशिप जात असे, ती १८३२ मध्ये गेली. मूळ पिंड यंत्रांचा. एकोणिसाव्या वर्षी हार्प या वाद्याच्या पेडलमधल्या सुधारणेचं पेटंट घेतलं. १८२१ मध्ये, बुद्धिबळ खेळणाऱ्या 'तुर्क' यंत्राच्या पोटात माणूस कसा लपू शकतो यावर पुस्तिका काढली. १८३७ पासून मरेपर्यंत ते प्राध्यापक होते ते प्रायोगिक विज्ञानाचे! १८४७ मध्ये चेस्टरजवळचा डी नदीवरचा रेल्वेपूल कोसळला, त्यानंतर लोखंडी पुलांसाठी नेमलेल्या सरकारी आयोगावरही ते होते. चर्चच्या इमारतीकडे हा माणूस त्याच नजरेने बघायचा. १८३५ च्या पुस्तकात त्यांनी एक भेद मांडला, तो माझ्या मते अजून कुणी मागे टाकलेला नाही: वजन खरोखर कशावर पेललं आहे, आणि ते कशावर पेललं असल्यासारखं दिसतं. कुठल्याही गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या, चर्चमध्ये उभं राहून हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारून बघा.

त्यांचं सर्वांत देखणं काम इंग्लंडातल्या कँटरबरीच्या कॅथेड्रलवरचं (कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च). ५ सप्टेंबर ११७४ रोजी त्या कॅथेड्रलचा क्वायर जळाला, म्हणजे मठवासी प्रार्थनेला बसत तो पूर्वेकडचा भाग. आर्चबिशप बेकेटचा त्याच कॅथेड्रलमध्ये खून होऊन चार वर्षंही झाली नव्हती. मठातल्या गर्व्हेज नावाच्या मठवाशाने पुढच्या बांधकामाची वर्षवार हकिगत लॅटिनमध्ये लिहून ठेवली. फ्रान्सहून आलेल्या विल्यम ऑफ सेन्स या कारागिराने पाहणी करून किती पाडावं लागेल ते ओळखलं, पण आधीच खचलेल्या मठवाशांना धक्का सोसणार नाही म्हणून काही काळ सांगितलंच नाही. दगड समुद्रापलीकडून आणला, तो जहाजांवर चढवायला-उतरवायला यंत्रं केली, पाथरवटांना घडणीचे फर्मे करून दिले. ११७८ मध्ये तो परांचीवरून पन्नासएक फूट खाली पडला. मग अंथरुणावरूनच काम चालवत राहिला, आणि शेवटी ते दुसऱ्या विल्यमकडे, एका इंग्रजाकडे, सोपवून मायदेशी गेला.

ही हकिगत विलिसच्या आधीही लोकांना माहीत होती. विलिसनी तिचं भाषांतर केलं आणि ते घेऊन इमारतीत शिरले. गर्व्हेज म्हणतो, जुन्या क्वायरमधलं कोरीवकाम कुऱ्हाडीचं होतं, नव्यातलं छिन्नीचं. विलिसनी दगडांवरचे घाव तपासले. कुठला खांब कुठल्या वर्षी उभा राहिला, जुन्या भिंतीचा कुठला तुकडा नव्यात राखला, हे त्यांनी मजकूर आणि दगड शेजारी ठेवून लावलं. १८४४ मध्ये कँटरबरीतच व्याख्यान दिलं, १८४५ मध्ये पुस्तक आलं. मग विंचेस्टर आणि यॉर्कच्या कॅथेड्रलांवर. १८६१ मध्ये चिचेस्टर कॅथेड्रलचा मनोरा शिखरासकट कोसळला, त्यावरही लिहिलं. १८६२ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या संस्थेने सुवर्णपदक दिलं. केंब्रिजच्या इमारतींचा मोठा इतिहास मात्र हातून पुरा झाला नाही. तो भाचे-पुतण्यांच्या पिढीतल्या जॉन विलिस क्लार्क यांनी पुरा करून १८८६ मध्ये चार खंडांत छापला.

आता तुमचा बेइमानीचा मुद्दा. त्याच केंब्रिजमध्ये १८३९ साली कॅम्डेन सोसायटी निघाली. तिच्यातही धर्मगुरूंचा भरणा होता. चर्चच्या प्रत्येक भागाला धार्मिक अर्थ असलाच पाहिजे आणि गॉथिकचा एक ठरावीक टप्पाच खरा ख्रिस्ती, असा त्यांचा आग्रह. आपल्या कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८) याच वाऱ्यावर उभं राहिलं, आणि ते सुंदर आहे यात वाद नाही. पण इतिहास म्हणून आज उपयोगी पडतो तो विलिस. कारण इमारत काय सांगते ते ऐकण्याआधी तिने काय सांगायला हवं, हे त्यांनी ठरवलं नव्हतं. बेइमानी होते ती इथे, आणि ती करायला झगा लागत नाही. आमच्यातले कट्टर आधुनिकतावादीही रोज करतात.

तरी धर्मगुरूला एक गोष्ट आतून कळते, जी मला पुस्तकातून शिकावी लागली: इमारत वापरतात कशी. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) फादर लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पू लागले. म्हणून आपल्याकडच्या जुन्या चर्चेसमध्ये भिंतीलगतची भव्य सोनेरी वेदी तशीच राहून पुढे दुसरी साधी वेदी आली. नुसती मोजमापं घेणाऱ्याला ही दुसरी वेदी म्हणजे अडगळ वाटते. ऑक्सफर्डच्या लेडी मार्गारेट हॉल या कॉलेजचे चॅप्लिन (कॉलेजचे धर्मगुरू) राहिलेले अ‍ॅलन डोइग यांनी उपासना आणि वास्तू यांच्या या नात्यावरच २००८ मध्ये पुस्तक लिहिलं. गंमत अशी की त्यांचं आधीचं पुस्तक डच आधुनिक चित्रकार थिओ व्हान डूसबर्गवर होतं.

व्यवहाराचं थोडं. धर्मप्रांताचे फादर झालात तर धर्मग्राम आणि बदल्या आल्या, संशोधन उरल्या वेळात. जेझुइटांसारख्या धर्मगुरूंच्या संघात अध्यापन हेच सेवाकार्य ठरू शकतं. मुंबईच्या झेवियर्समध्ये स्पॅनिश जेझुइट फादर हेनरी हेरास यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधन संस्था उभारली ती त्याच बळावर (ते वास्तुइतिहासकार नव्हते, पण वाट तीच). अडचणीचा दिवसही येईल: गावाला जुनं चर्च पाडून मोठं हवं असेल, वरिष्ठांनाही हवं असेल, आणि तुमच्या वहीत त्या भिंतीचं महत्त्व लिहिलेलं असेल. आज्ञापालनाची शपथ घेण्याआधी यावर वरिष्ठांशी बोलून ठेवा.

आर्किटेक्टची पदवी नसली तरी चालतं. इतिहास किंवा पुरातत्त्वात एम.ए. करा, पुण्याचं डेक्कन कॉलेज जवळ आहे. मोजणी आणि आराखडा काढणं मात्र हाताने शिका. आणि पोर्तुगीज आत्तापासूनच सुरू करा. वसईत १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते, त्यामुळे तुमचा गर्व्हेज कुठे सापडलाच तर तो बहुधा त्याच भाषेत बोलेल.