रणगाड्याच्या डायोरामात अंगणातली माती चालेल का?

तुम्ही दापोलीचे, पाकिस्तानी पॅटन रणगाड्याचं १:३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं) मॉडेल आणि त्याभोवतीचा देखावा, म्हणजे डायोरामा, करताय, प्रसंग १९६५ च्या भारत-पाक युद्धातल्या असल उत्तरच्या लढाईचा. विचारताय की अंगणातली माती चिखलाला चालेल का आणि पावसाळ्यात रंग लवकर कसा वाळवायचा.

अंगणातली नको. आपली माती जांभ्याची, लोहामुळे लाल. असल उत्तर ज्या पंजाबातल्या खेमकरण भागात आहे, तिथली गाळाची, ओली असताना करडी-तपकिरी, वाळली की फिकट. लाल चिखलातला पॅटन पाहून कोणीही विचारेल, हा खेडच्या घाटात कधी आला? पण म्हणून परदेशी पिगमेंटच्या (मातीच्या रंगाच्या पुडीच्या) बाटल्यांवर पैसे घाला म्हणणाऱ्यांचंही ऐकू नका.

जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली, तेव्हा पाणी ओसरल्यावर आमच्या तळमजल्यावर गाळच गाळ होता. सगळे फावड्याने तो बाहेर ओढत होते, मी त्यातला एक डबा भरून बाजूला ठेवला. बायको अजून ऐकवते. पण इतकी बारीक माती आपल्या चाळणीने मिळत नाही. १:३५ ला एक मिलिमीटरचा कण म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा खडा! तो गाळ भाजला (नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते), वस्त्रगाळ केला आणि फेविकॉल, पाणी, थोडा तपकिरी अ‍ॅक्रिलिक घालून कालवला.

शेजाऱ्यांची जीप त्याच पुरात बुडाली होती. बॉनेटवर, टपावर, सीटवर गाळाचा सपाट थर, वाळून तडकलेला. पुराचा चिखल वरून बसतो, चालत्या गाडीचा खालून उडतो. रणगाड्यावर तो चाकांच्या मध्ये, खालच्या हलवर (धडावर), मडगार्डच्या आतल्या बाजूला आणि मागे साठतो. टरेटवर (तोफेच्या फिरत्या बुरुजावर) फार तर जवानांच्या बुटांचे ठसे. लोक मात्र वरून भुरभुरवतात आणि म्हणतात वेदरिंग (झीज-मळ दाखवणं) केलं.

माझा असल उत्तर एका प्रदर्शनात ठेवला होता. परीक्षक म्हणाले, ‘चिखलाने सगळं डिटेल झाकलंय.’ अहो, झाकणारच! आपल्या लोकांनी कालवा फोडून शेतं भिजवली होती, उसात शिरलेले ४५ टनांच्या आसपासचे पॅटन तिथेच रुतले. चिखल काढला तर त्या लढाईतलं उरतं काय? बक्षीस दिलं ते एका स्वच्छ पॅटनला, ज्याच्या ट्रॅकवर चंदेरी ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने घासलेला रंग) मारला होता. पॅटनच्या ट्रॅकला रबरी पॅड असतात. जमिनीला घासून चमकतो तो आपल्या सेंच्युरियन रणगाड्याचा पोलादी ट्रॅक. हे मी तेव्हा तोंडावर सांगितलं होतं, इथेही सांगतो. गंजाचंही तेच. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने गेटचा पत्रा वर्षात सडतो, म्हणून सगळे रणगाड्याला गंज फासतात. लढाईतल्या रंगवलेल्या चिलखताला तसा गंज चढत नाही. एक्झॉस्टजवळ थोडा लावा, बस.

चिखल एकदम थापू नका, फेविकॉल आकसतो आणि भेगा पडतात. पातळ थर, प्रत्येक वाळू द्या. ओलं दाखवायचं तिथेच ग्लॉस वार्निश, बाकी मॅट.

रंगाचं थोडक्यात: इनॅमल पावसाळ्यापुरतं सोडा, अ‍ॅक्रिलिक घ्या आणि मॉडेल बल्ब लावलेल्या खोक्यात ठेवा, प्लास्टिक तापून वाकणार नाही इतक्या अंतरावर. मुसळधार पावसात वार्निश स्प्रे केलंत तर पांढुरकं धरतं.

आणि हो, खाडीचा गाळ उचलू नका, वाळल्यावर वर मीठ फुटतं. वरच्या अंगाच्या गोड्या नदीकाठचा घ्या. पुराच्या गाळात गटाराचंही पाणी असतं, तेव्हा हातमोजे घाला आणि भाजायला वेगळा तवा ठेवा, भाकरीचा घेऊ नका.