शाळेतलं सस्पेन्शन, कॉलेजचा अर्ज आणि एच-४

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. यजमान एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, मी आणि मुलगा एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर. मुलगा सात वर्षांचा असताना पुण्याहून आलो. गेल्या फेब्रुवारीत, अकरावीत असताना, शाळेच्या बाथरूममध्ये त्याच्या हातात मित्राचा व्हेप (ई-सिगारेट) सापडला आणि चार दिवसांचं सस्पेन्शन झालं. शाळेच्या पत्रात 'टीएचसी व्हेप बाळगल्याबद्दल' असं लिहिलंय; टीएचसी म्हणजे गांजातलं नशेचं द्रव्य. त्याच दिवशी शाळेने डॉक्टरांकडून लघवीची तपासणी करून घ्यायला लावली, ती निगेटिव्ह आली. मुलगा म्हणतो, त्यात निकोटिन होतं. पोलीस घरी आले नाहीत. मार्क उत्तम आहेत, १ नोव्हेंबरला अर्ली डिसिजनचा (प्रवेश मिळाला तर त्याच कॉलेजात जायचं, असं कबूल करून लवकर करायचा) अर्ज करायचाय. यजमान म्हणतात, विचारलं नाही तर आपणहून कशाला सांगायचं, आणि विचारणार असतील तर बारावी पुण्याला करू, म्हणजे शाळाच बदलेल. आमचा कॉलेजप्रवेशाचा कन्सल्टंट म्हणतो, मुख्य निबंध याच विषयावर लिहा. नोव्हेंबरअखेर मुलाला अठरा पूर्ण होतील. काय करावं?

उत्तर : ताई, चार दिवसांच्या सस्पेन्शनने चांगल्या कॉलेजचं दार बंद होत नाही. पण शाळेच्या पत्रातला 'टीएचसी' हा शब्द एच-४ वरच्या मुलाला ग्रीन कार्डाच्या मुलाखतीपर्यंत पुरू शकतो. म्हणून आधी तो शब्द, मग कॉलेज.

शाळेच्या दप्तरातली नोंद पाहण्याचा हक्क तुम्हाला फर्पा या १९७४ च्या केंद्रीय कायद्याने दिलेला आहे. लेखी मागितल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत शाळेने ती दाखवली पाहिजे. तुमच्याकडे आहे ते फक्त पालकांना आलेलं पत्र. फाइलमध्ये याखेरीज शिक्षकाचा किंवा सिक्युरिटीचा अहवाल असेल, नर्सची नोंद असेल, डॉक्टरांचा रिपोर्ट असेल, आणि कॉम्प्युटरवर गुन्ह्याचा एखादा कोड टाकलेला असेल. पुष्कळदा घोळ तिथेच असतो. व्हेप सापडला की यादीतला जवळचा पर्याय निवडला जातो आणि पुढे पत्राचा मजकूर त्या कोडवरून आपोआप छापला जातो. तेव्हा विनंतीत एक प्रश्न स्पष्ट विचारा : ते उपकरण कोणी तपासलं, कशाने तपासलं, आणि त्याचा कागद कुठे आहे?

इथे एक गोष्ट समजून घ्या. लघवीची तपासणी निगेटिव्ह आली याचा अर्थ मुलाने टीएचसी ओढलं असल्याचं त्या तपासणीत दिसलं नाही, एवढाच. व्हेपमध्ये काय होतं हे त्यावरून ठरत नाही, आणि आरोप बाळगल्याचा आहे. पण उपकरण कोणी तपासलंच नसेल, तर 'टीएचसी' हा शब्द कशाच्या आधारावर लिहिला, याचं उत्तर शाळेकडे राहत नाही. मग फर्पाखालीच नोंद दुरुस्त करण्याची मागणी करता येते. चुकीची किंवा दिशाभूल करणारी नोंद दुरुस्त करा, असं लेखी सांगायचं. शाळेने नकार दिला तर सुनावणी मागायची. तिथेही नकार आला तर तुमचं लेखी म्हणणं त्या नोंदीला जोडून ठेवण्याचा हक्क उरतो, आणि पुढे शाळा ती नोंद कोणालाही देईल तेव्हा तुमचं म्हणणं सोबत गेलंच पाहिजे.

या मार्गाने सस्पेन्शन मात्र पुसलं जाणार नाही. शिक्षा योग्य होती की नाही, हा वाद फर्पात बसत नाही. त्यासाठी आधी शाळेच्या बोर्डाकडे आणि मग राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे जायचं असतं. आयुक्तांकडची मुदत ९० दिवसांची, आणि फेब्रुवारीपासून ती केव्हाच उलटली. पब्लिक शाळेला सस्पेन्शनआधी मुलाला आरोप सांगून त्याची बाजू ऐकावी लागते, हे सुप्रीम कोर्टाने १९७५ मध्ये गॉस विरुद्ध लोपेझ खटल्यात ठरवून दिलंय. पण मुख्याध्यापकांच्या खोलीतली पाच मिनिटंही त्यासाठी पुरतात, त्यामुळे आता तिथे शक्ती खर्च करू नका. 'टीएचसी व्हेप'च्या जागी 'व्हेप उपकरण' एवढं झालं तरी तुमचं निम्म्याहून अधिक काम झालं.

आता कॉलेज. 'विचारलं नाही तर सांगू नका' हे यजमानांचं म्हणणं कायद्याच्या दृष्टीने चुकीचं नाही. कॉमन अ‍ॅपने (एकच अर्ज अनेक कॉलेजांना पाठवायची सोय) शाळेतल्या शिस्तभंगाचा प्रश्न आपल्या समान भागातून २०२१-२२ च्या हंगामापासून काढून टाकला. त्यांच्याच आकडेवारीत कृष्णवर्णीय मुलांना हा प्रश्न गोऱ्या मुलांपेक्षा दुपटीहून अधिक लागू पडत होता, आणि 'हो' म्हणावं लागणारी बरीच मुलं अर्ज अर्धवट सोडून देत होती. मात्र प्रत्येक कॉलेजला आपल्या स्वतंत्र भागात हा प्रश्न विचारण्याची मुभा आहे, आणि प्रवेश मिळायला अवघड अशा कॉलेजांपैकी काही तो विचारतात.

तिथे प्रश्न वकिलासारखा वाचा. 'कधी शाळेतून काढून टाकलं आहे का?' या प्रश्नाला तुमच्या मुलाचं खरं उत्तर 'नाही' आहे. 'नववीपासून कधी सस्पेन्शन, प्रोबेशन किंवा तत्सम कारवाई झाली आहे का?' याचं खरं उत्तर 'हो' आहे. दोन्ही प्रश्न दिसायला सारखेच वाटतात आणि घाईत मुलं दोन्हीकडे एकच टिक करतात. यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा प्रश्न शब्दशः एका कागदावर उतरवून घ्या. 'नाही' म्हणण्याची सोय शोधायला सांगत नाहीये मी. जे विचारलं त्याचंच उत्तर द्या, असं सांगतोय. आणि 'हो' असेल तिथे 'हो'च. अर्जाच्या शेवटी मुलगा सही करतो की सगळं खरं आणि पूर्ण आहे, खोटं निघाल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो. ही सही पुढेही त्याच्या मानेवर राहते. शिकत असताना खोटं उघड झालं तरी काढून टाकतात. सांगितलेल्या चार दिवसांच्या सस्पेन्शनकडे प्रवेश समिती समजुतीने पाहू शकते, लपवलेल्याकडे ती तसं पाहण्याची आशा धरू नका. अर्ली डिसिजन तर बांधून टाकणारा करार आहे. तिथे ही जोखीम घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

आणि लपेल, हे तरी कशावरून? मूल ज्या संस्थेत प्रवेश घेऊ पाहतंय तिला नोंदी पाठवायला फर्पाखाली पालकांची संमती लागत नाही. म्हणजे सगळं शाळेच्या धोरणावर आलं. काही शाळा कॉलेजांना शिस्तभंगाविषयी काहीच कळवत नाहीत, काही विचारल्यावरच सांगतात, आणि काही आधी मुलाला स्वतः कळवायला लावून मग दुजोरा देतात. मुलाविषयी कॉलेजला लिहिणाऱ्या शाळेच्या काउन्सेलरला सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात भेटा आणि दोनच गोष्टी विचारा : शाळेचं लेखी धोरण काय, आणि तुम्ही नेमकी कोणती वाक्यं लिहिणार. काउन्सेलरचं 'टीएचसी' आणि मुलाचं 'निकोटिन' एकाच अर्जात भेटले, तर मुलगा खोटारडा ठरतो, मग खरं कोण बोलत होतं याला काही अर्थ उरत नाही. जाता जाता : अर्जात शिफारसपत्र पाहण्याचा हक्क सोडायचा की नाही असं विचारतात. तो खुशाल सोडा, बहुतेक सगळे सोडतात. त्याने शिस्तभंगाची फाइल पाहण्याचा हक्क जात नाही.

कन्सल्टंटचा सल्ला मला मुळीच पटलेला नाही. साडेसहाशे शब्दांचा मुख्य निबंध हीच मुलाला स्वतःविषयी बोलायला मिळणारी खरी जागा, आणि ती त्या बाथरूमवर घालवायची? जिथे प्रश्न आहे तिथे खाली खुलाशाची जागा असते, तेवढी पुरे. तिथे चार-पाच वाक्यं : केव्हा, काय घडलं, काय शिक्षा झाली, नंतर काय केलं. 'अकरावीत फेब्रुवारीत शाळेत माझ्या हातात व्हेप सापडला. शाळेच्या नियमात ते बसत नव्हतं आणि मला ते माहीत होतं. चार दिवसांचं सस्पेन्शन मी पूर्ण केलं. त्यानंतर एकही तक्रार नाही.' मित्राचं नाव नको, 'सगळेच करतात' नको, शिक्षकांवर ठपका नको, आणि आईने लिहिल्यासारखी गुळगुळीत भाषाही नको. त्याच्याच शब्दांत येऊ द्या. सस्पेन्शननंतर शाळेने समुपदेशनाचा कार्यक्रम लावला असेल आणि त्याने तो पूर्ण केला असेल, तर तो एका वाक्यात जरूर घाला.

निबंधाला माझा विरोध आहे त्याचं दुसरं कारण इमिग्रेशन. न्यू जर्सीत २०२१ पासून एकवीस किंवा त्याहून अधिक वयाच्यांना गांजा कायदेशीर आहे, म्हणून आपल्याकडच्या अनेक घरांत 'त्यात काय मोठं' असा सूर असतो. केंद्रीय कायद्यात तो अजूनही नियंत्रित पदार्थ आहे आणि व्हिसा, ग्रीन कार्ड सगळं केंद्राच्या हातात. दोषसिद्धी नसली तरी नियंत्रित पदार्थाचा गुन्हा केल्याची नुसती कबुली परदेशी नागरिकाला प्रवेशास अपात्र ठरवू शकते. तशी कबुली ग्राह्य धरायला काही अटी आहेत, कॉलेजच्या निबंधाने त्या आपोआप पुऱ्या होत नाहीत. पण 'मी गांजा ओढला आणि सुधारलो' असा साडेसहाशे शब्दांचा दस्तऐवज मुलाच्या नावावर कशाला तयार करायचा? निकोटिन या यादीत नाही. 'टीएचसी' हा एक शब्द खोडून घ्या म्हणून मी मागे लागलोय तो यासाठी. अर्थात मुलाने खरोखर गांजा घेतला असेल, तर निकोटिनची गोष्ट रचू नका. त्याला एकट्याला बसवून, न रागावता, एकदा विचारा. उत्तर वेगळं आलं तर शाळेला किंवा कॉलेजला एक ओळही लिहिण्याआधी इमिग्रेशन वकिलाला भेटा.

त्या दिवशी पोलिसांना कळवलं होतं का, हेही शाळेला लेखी विचारा. शाळेत अमली पदार्थ सापडला तर पोलिसांना कळवण्याचे नियम न्यू जर्सीत आहेत, आणि पोलीस घरी आले नाहीत म्हणजे कागद झालाच नाही असं नव्हे. अल्पवयीन मुलांचं प्रकरण पोलीस कधी कोर्टात न नेता ठाण्यातच लेखी समझोत्याने मिटवतात. तुम्ही तशा कशावर सही केली होती का, ते आठवून पाहा.

पुण्याचा बेत सोडून द्या. कॉलेजला नववीपासूनच्या सगळ्या शाळांची नावं आणि मार्कांचे कागद लागतात; बारावी कुठेही केली तरी एडिसनची अकरावी जाणार नाही. शिवाय परत येताना पासपोर्टवर वैध व्हिसा नसेल तर मुंबईच्या वकिलातीत जावं लागेल, आणि डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात थेट प्रश्न आहे की नियंत्रित पदार्थांविषयीचा कुठलाही कायदा कधी मोडलाय का. कॉलेजच्या प्रश्नापासून पळून मुलाला याहून कठीण प्रश्नासमोर उभं कराल.

तारखा बघा. ४५ दिवसांचा हिशोब धरला तर नोंदी पाहण्याची विनंती १७ सप्टेंबरच्या आत पोचली पाहिजे, दुरुस्तीला वेळ हवा असेल तर त्याहून बरीच आधी. या आठवड्यातच ईमेल करा आणि त्याच दिवशी एक प्रत मुख्याध्यापकांच्या ऑफिसात देऊन पोच घ्या. विनंती आत्ता तुमच्या सहीने चालेल. नोव्हेंबरअखेर मुलगा अठराचा झाला की फर्पाचे हक्क त्याच्याकडे जातात, तेव्हा दुरुस्तीचं काम तोवर मिटलं नाही तर पुढच्या पत्रांवर सही त्याची लागेल. नोंद दुरुस्त होण्याआधीच १ नोव्हेंबर आला तर अर्ज थांबवू नका. खुलाशात एक वाक्य वाढवा की नोंदीतल्या मजकुराबाबत शाळेकडे दुरुस्तीची मागणी केलेली आहे, आणि निर्णय आला की तो कॉलेजला कळवा.